मणक्यातलं इंजेक्शन आणि संध्याकाळी घरी : आईच्या कंबर-पायाच्या दुखण्याबद्दल

प्रश्न : आई ५७ वर्षांची आहे. आम्ही कागल तालुक्यात राहतो. घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस आहे. चार वर्षं तिची कंबर दुखतेय आणि गेल्या दिवाळीपासून उजव्या पायात कळ जाते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून शीर दबल्याचं लिहिलंय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणाले, मणक्यात इंजेक्शन घ्या, संध्याकाळी घरी जाल. गल्लीतले म्हणतात, मणक्यात सुई टोचली की पाय जातात. आईला शुगर आहे. काय करावं?

उत्तर :

तुमच्या प्रश्नात बरंच काही आलंय, पण मला सगळ्यात आधी हवी असलेली एक गोष्ट राहिलीय. आई म्हशीच्या धारा काढायला खाली बसते तेव्हा पायातली कळ वाढते की थांबते? आज संध्याकाळीच तिला विचारा. एमआरआयच्या कागदापेक्षा माझा या उत्तरावर जास्त भरवसा आहे. का, ते पुढे सांगतो.

मी मूळचा भूलतज्ज्ञ. गेली एकवीस वर्षं कोल्हापुरात जुनाट दुखण्यांचंच काम करतोय. ऊसतोडीचे मजूर, शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार, दिवसभर मांडी घालून बसणारे चपलांचे कारागीर, हुपरीला चांदीवर वाकून काम करणारे, आणि तुमच्या आईसारख्या पहाटे चारला उठून गोठ्यात जाणाऱ्या बायका असे सगळे येतात. जवळजवळ प्रत्येक जण पाय जाण्याची भीती घेऊन येतो. ती मनात असेपर्यंत आई बाकीचं काही ऐकणार नाही, म्हणून आधी त्या भीतीबद्दल बोलू.

पाठीचा कणा माकडहाडापर्यंत जात असला तरी त्याच्या आतला मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली सुट्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, असतात, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या. चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी मज्जारज्जू नसतोच, त्यामुळे सुई रज्जूत घुसण्याचा प्रश्न तिथे येत नाही. पण इंजेक्शननंतर पाय लुळे पडल्याचे प्रकार जगात घडलेले आहेत आणि ते लपवणं बरं नव्हे. शिरांच्या सोबतीने काही बारीक धमन्या मज्जारज्जूकडे रक्त नेतात. या इंजेक्शनात सूज उतरवणारं स्टेरॉईड असतं. पूर्वी सर्रास वापरली जाणारी काही स्टेरॉईड दुधाळ असतात, म्हणजे त्यांत औषधाचे कण तरंगत असतात. असं औषध चुकून धमनीत गेलं तर ते कण रक्ताची वाट अडवतात आणि मज्जारज्जूचा तेवढा भाग निकामी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला. प्रमाण अगदी विरळ, पण दृष्टी जाणं, लकवा आणि मृत्यू या तिन्हींचा त्यात उल्लेख होता. त्याआधी २०१२ साली तिकडेच बुरशी लागलेल्या स्टेरॉईडच्या बाटल्या वापरात आल्या आणि साडेसातशेच्या आसपास माणसं आजारी पडली. त्यांतली साठहून अधिक दगावली. तिथे सुई चुकली नव्हती, औषध बनवण्यातली स्वच्छता चुकली होती.

म्हणून या कामाचे काही नियम पक्के ठरले आहेत आणि ते पाळले जातात का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिरेच्या बाजूने द्यायच्या इंजेक्शनला मी डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड वापरतो. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्यात कण नसतात. औषध सोडण्याआधी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, सोडून ती कुठे पसरते ते चालू एक्स-रेवर बघतो. डाय रक्तवाहिनीत गेली तर ती पडद्यावर क्षणात वाहून जाताना दिसते, आणि मग त्या जागी औषध द्यायचं नाही. पेशंटला पूर्ण झोपवत नाही, कारण काही वेगळं जाणवलं तर तो बोलला पाहिजे. सी-आर्म, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणारं मशीन नसताना, नुसत्या हाताच्या अंदाजाने कुणी मणक्याच्या शिरेपाशी सुई घालतो म्हणाला, तर तिथून उठून या.

आता आत नेमकं काय होतं ते सांगतो. आईला नीट समजावून सांगा, म्हणजे टेबलावर गेल्यावर तिचं अंग आखडणार नाही.

तिला पालथं झोपवतात आणि पोटाखाली उशी देतात, म्हणजे कमरेची खळगी सपाट होते. बोटाला नाडी-ऑक्सिजनची चिमटी लावतात. कमरेवर बीटाडीन लावतात, ते फार गार लागतं आणि पुष्कळ बायका तिथेच दचकतात. मग सी-आर्म तिरका फिरवतात. त्या तिरक्या चित्रात मणका हुबेहूब छोट्या कुत्र्यासारखा दिसतो. कान, डोळा, नाक, पुढचा पाय, सगळं कळतं. शिकाऊ डॉक्टरांना मी पडद्यावर तो कुत्राच आधी शोधायला लावतो. त्याच्या हनुवटीखाली जी जागा असते तिथून शीर बाहेर पडते आणि सुई तिथेच न्यायची असते. कातडी बधिर करायचं पहिलं टोचणं मुंगी डसल्यासारखं लागतं. नंतरची सुई लांब असली तरी पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक असते. ती एकेक पाऊल पुढे जाते आणि दर पावलाला एक चित्र घेतलं जातं. शिरेजवळ पोहोचली की पायात ओळखीची कळ येऊ शकते. तेव्हा मी विचारतो, "रोजची कळ हीच का?" बहुतेकदा उत्तर येतं, "व्हय, हीच." कुणी म्हणालं, "न्हाई, ही येगळीच हाय," तर मी थांबतो आणि पुन्हा विचार करतो. मग डाय, शिरेच्या कडेने उतरत गेलेली काळी रेघ, आणि शेवटी दोन-तीन मिलिलिटर औषध. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यानंतर तासभर बाहेर पडून राहायचं, पायाची ताकद तपासायची, चहा-बिस्कीट घ्यायचं आणि घरी जायचं. मोटरसायकलवर मागे बसून मात्र नको. बधिर करणाऱ्या औषधाने पाय काही तास जड राहू शकतो, गाडीवरून उतरताना तोल जातो. चारचाकी किंवा रिक्षा बघा.

पुढच्या दिवसांत काय होतं हे आधीच सांगितलं नाही तर घरातले घाबरतात. पहिले काही तास पाय एकदम हलका वाटतो. हा बधिरतेचा परिणाम असतो. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं परत येतं, कधी थोडं जास्तच. तेव्हा फोन येतो, "डॉक्टर, इंजेक्शन वाया गेलं." वाया गेलेलं नसतं. स्टेरॉईडचं काम दोन-तीन दिवसांनी सुरू होतं, काहींना आठवडा लागतो. फरक पडला की नाही, हे मी दोन आठवड्यांनी बघतो, त्याआधी नाही. आणि "तीन इंजेक्शनांचा कोर्स" असं पॅकेज कुणी देत असेल तर घेऊ नका. पहिल्याचा निकाल बघूनच दुसऱ्याचं ठरवायचं असतं. पहिल्याने काहीच झालं नाही, तर तेच पुन्हा टोचण्यात अर्थ नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातींमध्ये ती येत नाही. या इंजेक्शनने सरकलेली गादी जागेवर जात नाही. शिरेभोवतीची सूज आणि दाह उतरतो, एवढंच. कॉक्रेन ही संस्था वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात पायात उतरणाऱ्या दुखण्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले, तर स्टेरॉईडच्या आणि नुसत्या दिखाऊ, म्हणजे स्टेरॉईड नसलेल्या, इंजेक्शनच्या गटांत सरासरी फरक दुखण्याच्या शंभरच्या मापावर सुमारे पाच अंकांचा निघाला, तोही थोड्या काळापुरता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने तर याहून कडक मार्गदर्शक सूचना छापल्या. तीन महिन्यांपेक्षा जुन्या पाठ-मानेच्या दुखण्यावर, मग ते पायात किंवा हातात उतरणारं असलं तरी, कर्करोग आणि दाहक संधिवात सोडून, ही इंजेक्शनं आणि शीर तापवण्याचे प्रकार (त्यांबद्दल पुढे सांगतो) करू नयेत असं त्यात म्हटलंय. आमच्या विषयातल्या संघटनांनी त्यावर जोरदार हरकत घेतली, वाद अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर त्या सूचनांनी मला माझ्या यादीकडे पुन्हा बघायला लावलं आणि मी ते मनापासून केलं. नुसती कंबर दुखते, पायात काही उतरत नाही, अशा माणसाला मी हे मणक्यातलं (एपिड्युरल) इंजेक्शन देतच नाही. पायात जोरदार कळ आहे, ती काही आठवड्यांची किंवा थोड्या महिन्यांची आहे, तपासणी आणि एमआरआय एकाच शिरेकडे बोट दाखवतायत आणि माणूस रात्री झोपू शकत नाही, अशा वेळी मी देतो. यांतल्या काहींना खरंच उतार पडतो आणि काहींना काहीच होत नाही. पाच अंकांची सरासरी ही दोन्ही मिळून बनते. कुणाला उतार पडेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, पण कुणाला पडणार नाही हे बरंचसं सांगता येतं. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे ही दुसरी माणसं ओळखून त्यांना सुई न टोचता परत पाठवणं.

आता म्हशीचा प्रश्न. गादी बाहेर येऊन शीर दाबत असेल तर पुढे वाकल्यावर, उकिडवं बसल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर कळ वाढते. धारा काढायला बसणं त्या बाईला नको होतं. पण वयाने मणक्यातली वाटच अरुंद झाली असेल तर उलटं होतं. उभं राहिल्यावर, चालल्यावर पाय भरून येतात, आणि पुढे वाकून किंवा खाली बसून लगेच बरं वाटतं. अशी माणसं सायकल मैलभर चालवतात, पण बाजारात शंभर पावलं चालली की कट्टा शोधतात. दोघांच्याही कागदावर "चौथ्या-पाचव्या मणक्यात शीर दबलीय" असंच लिहून येतं. मात्र वाट अरुंद झालेल्यांना स्टेरॉईडचा फायदा फारसा होत नाही. अमेरिकेत चारशे पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बधिर करणाऱ्या औषधात स्टेरॉईड घातलं काय आणि न घातलं काय, सहा आठवड्यांनी फरक नगण्य होता. आई धारा काढताना निवांत असेल आणि उभी राहिल्यावरच पाय भरून येत असेल, तर इंजेक्शनकडून फार आशा ठेवू नका. तिचा पुढचा मार्ग वेगळा आहे, व्यायामाचा, आणि चालणं फारच कमी झालं तर ऑपरेशनचा.

दुसरी गोष्ट तिला विचारा. कळ पायात नेमकी कुठपर्यंत जाते? चौथ्या-पाचव्यातल्या गादीने सहसा जी शीर दबते तिची कळ मांडी-पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या अंगाला आणि अंगठ्याकडे जाते. करंगळीकडे किंवा तळव्याला जात असेल तर खालची शीर असू शकते आणि कागदाशी ते जुळत नाही. बोटाने रेघ काढून दाखवायला सांगा, मोबाईलवर त्याचा फोटो घ्या. तिला टाचांवर दहा पावलं चालायला लावा. उजवं पाऊल पुढून खाली पडत असेल तर ते मला पहिल्या वाक्यात सांगायला हवं होतं.

एमआरआयवर इतका राग का, असं वाटेल. राग नाही, पण त्याची मर्यादा मी रोज बघतो. ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांची चित्रं घेतलेले अभ्यास २०१५ साली एकत्र मांडले गेले. त्यांत विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. म्हणजे ५७ व्या वर्षी कागदावर "बल्ज" लिहून येणं हे केस पिकण्यासारखं आहे. "मणक्यात गॅप पडलाय" हे शब्द ऐकून माणसं वाकायचं सोडतात, चालायचं सोडतात, आणि त्यानेच जास्त खचतात.

कागदावर विसंबून मी स्वतः चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत पन्हाळ्याकडच्या एक चौसष्ट वर्षांच्या मावशी गुडघा दुखतो म्हणून आल्या. एक्स-रेत गुडघा झिजलेला दिसत होता. मी गुडघ्यात इंजेक्शन दिलं, गुण आला नाही. दोन महिन्यांनी दुसरं दिलं, तरी नाही. तिसऱ्या खेपेला त्या टेबलावर चढताना पाय वळला आणि त्या कळवळल्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा खुबा फिरवून बघितला. दुखणं सगळं खुब्याचं होतं. खुबा आणि गुडघा यांना जाणाऱ्या शिरा काही अंशी एकच आहेत, त्यामुळे झिजलेला खुबा गुडघ्यात दुखतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांचे सहा महिने आणि पैसे माझ्या घाईमुळे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून गुडघा दुखणाऱ्या प्रत्येकाचा खुबा फिरवून बघितल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

"संध्याकाळी घरी" जाता येईल असे प्रकार मणक्याच्या या एका इंजेक्शनापुरते नाहीत. कंबरेच्या मागच्या बाजूला मणके जिथे एकमेकांना जोडले जातात ते छोटे सांधे दुखत असतील तर दुखणं कंबरेतच राहतं, फार तर मांडीपर्यंत येतं, आणि मागे वाकल्यावर वाढतं. त्या सांध्यांची जाणीव नेणारी बारीक शीर आधी बधिर करून बघतात. इथे इंजेक्शन हा इलाज नसतो, ती परीक्षा असते. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराला मी असं इंजेक्शन दिलं आणि दर तासाला दुखण्याचा दहापैकी आकडा लिहायला सांगितला. त्यांनी औषधाच्या पाकिटाच्या मागे लिहून आणलं होतं : ११ ला ८, १२ ला २, १ ला २, ३ ला ६, ५ ला ८. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा असर साधारण इतकाच टिकतो. आकडे औषधाच्या वेळेशी जुळले. दुसऱ्या दिवशी वेगळ्या औषधाने पुन्हा तपासलं, तेही जुळलं. तेव्हाच मी त्यांना रेडिओफ्रीक्वेन्सी सांगितली. त्यात सुईचं टोक ८० अंशांना साधारण ९० सेकंद तापवून ती शीर बंद करतात. तापवण्याआधी सुईतून बारीक वीज सोडून पाय उडत नाही ना, हे बघतात, म्हणजे पायाची ताकद नेणारी शीर जवळ नाही याची खात्री होते. शीर काही महिन्यांत पुन्हा वाढते, म्हणून आराम सहसा सहा महिने ते वर्षभराचा असतो. हे सगळ्यांना लागू पडत नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या मोठ्या चाचण्या २०१७ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत व्यायामाला याची जोड दिल्याने म्हणावा असा फायदा दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या सूचनांनी मात्र निवडक लोकांसाठी ही वाट ठेवली होती. मी ती फक्त दोन्ही परीक्षा पास झालेल्यांसाठी ठेवतो.

त्या कामगाराला आराम पडल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "तीन आठवड्यांवर चैत्र यात्रा आहे, जोतिबाला सासनकाठी घेऊ का?" मी नको म्हणालो. दुखणं थांबलं म्हणून ताकद आलेली नसते. चार वर्षं कंबर जपत वापरल्याने पाठीचे स्नायू रोडावलेले असतात. यंदा काठी पेलू नका, दोर धरा, असं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पुढच्या तीन महिन्यांत व्यायाम मनापासून केला.

गुडघ्याबद्दल थोडक्यात. सांध्यातल्या स्टेरॉईडचा आराम काही आठवड्यांचा असतो आणि दर तीन महिन्यांनी ते घेत राहणं चांगलं नाही. २०१७ च्या एका अभ्यासात दोन वर्षं असं इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा, साधं सलाईन घेणाऱ्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखणं दोन्हीकडे सारखंच राहिलं. सांधा बदलायला हवा आहे पण हृदयामुळे किंवा वयामुळे ते जमत नाही, अशांच्या गुडघ्याभोवतीच्या तीन बारीक शिरा तापवून काही महिने चालणं सुसह्य करता येतं. आखडलेल्या खांद्याला मात्र सुरुवातीच्या, जास्त दुखण्याच्या काळात सांध्यात दिलेलं एक इंजेक्शन चांगला उतार देतं. शुगरच्या लोकांत खांदा आखडणं जास्त, म्हणून हे तुमच्या आईच्याही कानावर घालून ठेवा.

चेहऱ्याच्या एका दुखण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. गालात, हिरडीत विजेचा झटका बसावा तशी कळ, तोंड धुताना, घास चावताना, वारा लागला तरी. ही ट्रायजेमिनल न्युराल्जिया. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांनी त्याआधी दोन-तीन चांगले दात काढून घेतलेले असतात. याला आधी कार्बामाझेपीनची गोळी असते, ती बहुतेकांना लागू पडते. गोळीने भागेनासं झालं किंवा ती सोसेनाशी झाली तरच गालातून सुई नेऊन शिरेच्या मुळाशी रेडिओफ्रीक्वेन्सी करतात किंवा मेंदूच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवतात. आणि नागीण. तिचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो असं अजूनही खेड्यापाड्यांत मानतात. तो विषाणू सहसा एकाच बाजूच्या एका शिरेच्या पट्ट्यात राहतो, वेढा पूर्ण होण्याची वाट बघू नका. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. मंत्र घालून, लेप लावून आठवडा काढल्यावर आलेल्या माणसाच्या शिरेत जी आग राहते ती पुढे कुठल्याही सुईने मुळासकट काढता येत नाही.

आता तुमच्या आईची शुगर. स्टेरॉईडने ती काही दिवस, कधी आठवडाभर वाढते, एरवी गोळ्यांवर ताब्यात असली तरी. इंजेक्शनच्या आधीचा तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा रिपोर्ट तयार ठेवा आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी कळवा. नंतरचा आठवडा घरी ग्लुकोमीटरवर तपासत राहा. शुगर फारच चढलेली असेल तर तारीख पुढे ढकलावी, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ती रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर मणक्याच्या सुईआधी ती काही दिवस थांबवावी लागू शकते, क्लोपिडोग्रेल असेल तर साधारण सात दिवस. पण हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट बसवलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळी बंद करणं सुईपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. आणि ती रोज मेडिकलमधून आणून दुखण्याची गोळी खात असेल, तर ते आजच सांगा. शुगरच्या माणसाच्या किडनीला त्या गोळ्या हळूहळू संपवतात. बिनलेबलच्या पुड्या चालू असतील तर त्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं, त्याही दाखवा.

काही गोष्टी दिसल्या तर इंजेक्शनचा विचारच करू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर रात्र काढू नका. शिरांचा गुच्छ दबला असेल तर तासांना किंमत असते. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वीचा कर्करोग, यांतलं काही असेल तर आधी रक्त तपासा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून पुष्कळ आहे, आणि त्यावर चुकून स्टेरॉईड गेलं तर रोग फोफावतो.

खर्चाचं एवढंच, की विमा असेल तर कंपनीला आधी लेखी विचारा. डे-केअर म्हणून धरतील की ओपीडी म्हणून, यावर पैसे मिळणं अवलंबून असतं आणि नंतर भांडून उपयोग होत नाही.

ऑपरेशनचं काय? पाऊल पुढून खाली पडत नसेल, लघवीचा त्रास नसेल, तर घाई नाही. पायात उतरलेल्या गादीच्या दुखण्यातले बरेच लोक पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप सुधारतात. आईला दिवाळीपासून त्रास आहे, म्हणजे ती मुदत उलटली आहे. धारा काढताना कळ वाढते, रेघ अंगठ्याकडे जाते, आणि पाय सरळ वर उचलल्यावर तीच कळ येते, असं तिन्ही जुळलं तर एक इंजेक्शन करून बघण्यासारखं आहे. दोन आठवड्यांनी निम्म्यानेही फरक नसेल तर दुसऱ्या इंजेक्शनऐवजी मणक्याच्या शल्यचिकित्सकाशी बोला. फरक पडला तर मिळालेले आठवडे फार मोलाचे आहेत. रोज चालणं पाच मिनिटांनी सुरू करून वाढवत न्यायचं, फिजिओथेरपिस्टकडून पाठ-पोटाचे चार व्यायाम शिकून घ्यायचे, धारा काढायला बुटकं स्टूल घ्यायचं, वैरणीचा एक मोठा भारा आणण्याऐवजी दोन खेपांत आणायचा. कंबर दुखून बरी झालेल्यांवरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०२४ साली आला. नेमाने चालायला लावलेल्यांत निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, इतरांत ११२.

मला मात्र अनुभवाने माहीत आहे की इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की आई पहाटे गोठ्यात जाणार आणि शेणाची पाटी उचलणार. तिला "आराम कर" म्हणून काही होत नाही, कारण म्हशी थांबत नाहीत आणि डेअरीची वेळ चुकत नाही. तेव्हा दवाखान्यात तारीख घ्यायच्या आधी घरात बसून एक ठरवा : पहिले दहा दिवस धारा कोण काढणार आणि वैरण कोण आणणार.